मापात पाप : बी५५०चे जादा तीन टक्के अखेर सापडले

सापडले एकदाचे! मागच्या नोंदीत गाडी अडली होती ती यावर, की तोच सीपीयू नव्या बी५५० मदरबोर्डवर जुन्या बी४५०पेक्षा तीन टक्के जास्त स्कोअर का देतो. ते टक्के मेमरीतून येत नव्हते, विंडोजमधून नव्हते आणि बोर्डाच्या 'दर्जा'तून तर नव्हतेच. सीपीयूला जाणाऱ्या आठ पिनांच्या केबलमधून जास्तीचा करंट वाहत होता आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नव्हता.

थोडी उजळणी. तोच ३७००एक्स (एएमडीचा रायझन सीपीयू), त्याच दोन रॅम स्टिक ३२०० सीएल१६वर, तोच कूलर, तोच एसएसडी. बदलला फक्त बोर्ड, जुना बी४५० काढून नवा बी५५०. दोन्हीकडे स्टॉक सेटिंग, पीबीओ (मर्यादा सैल करून बूस्ट वाढवणारी सोय) बंद. सिनेबेंच आर२३ या सीपीयू-चाचणीच्या दहा मिनिटांच्या रनमध्ये जुना ११,९८०च्या आसपास, नवा १२,३४०च्या आसपास. एकाच बोर्डावर पुन्हा पुन्हा चालवलं तर स्कोअर ०.३ टक्क्याच्या आत राहतो, त्यामुळे योगायोग म्हणून सोडून देता येत नव्हतं. खोलीचं तापमानही सारखंच ठेवलं होतं.

पहिला संशय बीसीएलकेवर, म्हणजे सीपीयूचा वेग ज्याच्या पटीत ठरतो त्या मूळ क्लॉकवर. जुन्या बोर्डावर स्प्रेड स्पेक्ट्रम (क्लॉक थोडा हलता ठेवणारी सेटिंग) चालू असल्याने ९९.८ मेगाहर्ट्झ दिसत होते, नव्यावर बरोब्बर १००. ते बंद केलं, ०.२ टक्का वसूल झाला. बाकीचे तसेच.

मग सबटायमिंग, म्हणजे रॅमच्या आतल्या बारीकसारीक वेळा. जुन्याने ऑटोवर टीआरएफसी (रॅम रिफ्रेशला लागणारी वेळ, क्लॉकच्या ठोक्यांत) ५६० ठेवला होता. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपला ३५० नॅनोसेकंद लागतात आणि ३२००वर मेमरीचा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे हिशोब अगदी नियमाप्रमाणे. नव्याने मात्र ऑटोवर ६३० घेतला होता! म्हणजे मेमरीत नवा बोर्ड ढिला, तरी पुढे. सेव्हन-झिपच्या कॉम्प्रेशनमध्ये त्याची आघाडी निम्म्यावर का येत होती, ते इथे कळलं. दोन्हीकडे सगळे टायमिंग हाताने लॉक केले. सेव्हन-झिपमधली आघाडी वाढली, सिनेबेंच जागचा हलला नाही. (रॅम ऑटोवर ठेवून बोर्डांची तुलना करणारे ग्राफ मी आता उघडतही नाही.)

मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची सुरक्षेची सोय), पॉवर प्लॅन, चिपसेट ड्रायव्हर, सगळं तपासून झालं. बोर्डासोबत येणारं लाइटिंगचं सॉफ्टवेअर तर पहिल्याच दिवशी काढून टाकलं होतं. मागे काहीतरी सतत चाळवत बसतं आणि आयडल रीडिंगची वाट लावतं.

खरा धागा तापमानात होता. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज पॉवर (सीपीयू खातो ती वीज) दोन्ही बोर्डांवर ८८ वॅट. ३७००एक्सची पीपीटी, म्हणजे एकूण वॅटची मर्यादाच ती आहे, तेव्हा त्यात नवल नाही. पण जुन्यावर सीपीयू ७१ अंशांवर स्थिरावतो आणि नव्यावर ७७. तोच सीपीयू, तोच कूलर, पंखा दोन्हीकडे फिक्स आरपीएमवर. तापमानाचा सेन्सर सीपीयूच्या आत असतो, त्यामुळे बोर्डावर ढकलून चालणार नाही. तेवढ्याच वॅटला सहा अंश जास्त आणि वर क्लॉकही शंभरेक मेगाहर्ट्झने जास्त? दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. एक तर कूलर नीट बसला नव्हता, नाहीतर ८८ वॅट हे ८८ वॅट नव्हते.

कूलर पुन्हा बसवला. एएम४ सॉकेटवाल्यांना हे दुखणं ठाऊक आहेच: पेस्ट गार असताना कूलर ओढला की सीपीयू सॉकेटमधून उपसून सोबत येतो आणि पिना वाचल्या का हे बघताना घाम फुटतो. आधी दहा मिनिटं लोड देऊन गरम करायचं, मग मशीन बंद करून कूलर हळूच पिळत सोडवायचा. या वेळी पेस्टऐवजी पीटीएम७९५० पॅड लावला. सुमारे ४५ अंशांवर तो मऊ होतो आणि काही वेळा गरम-गार झाला की नीट बसतो, दर वेळी थर सारखा. बोर्ड बदलून बदलून टेस्ट करणाऱ्यांनी पेस्टचा नाद सोडावा असं माझं ठाम मत झालंय. दोन्ही बोर्डांवर तापमान थोडं खाली आलं, फरक मात्र सहाच्या सहा अंश कायम.

आता उरला वॅटचाच आकडा. रायझनला आपण किती वीज खातोय हे स्वतःहून कळत नाही, बोर्डावरचा व्हीआरएम (१२ व्होल्ट उतरवून सीपीयूला देणारा भाग) याचा कंट्रोलर एसव्हीआय२ या जोडणीवरून करंट कळवतो. तोही थेट अँपियरमध्ये नाही, पूर्ण क्षमतेच्या तुलनेत किती एवढंच. पूर्ण क्षमता म्हणजे किती अँपियर, हे बोर्डाच्या बायोसमध्ये लिहिलेलं असतं. तिथे खऱ्यापेक्षा लहान आकडा लिहिला की सीपीयूला सगळंच कमी दिसतं. तो बिचारा ८८ वॅटची मर्यादा इमानेइतबारे पाळतो, पण काटाच दांडी मारलेला. पीपीटी आणि करंटवरच्या टीडीसी, ईडीसी अशा तिन्ही मर्यादा त्याच काट्यावर चालतात.

याच लबाडीसाठी एचडब्ल्यूइन्फोने जून २०२०मध्ये पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन हे रीडिंग आणलं. पूर्ण लोडवर आणि स्टॉक सेटिंगवरच ते बघायचं. आयडलला काहीही दाखवतं, त्यावरून बोर्डाला शिव्या घालू नका. १००च्या आसपास असेल तर बोर्ड खरं बोलतोय, खूप खाली असेल तर कमी सांगतोय. जुन्या बोर्डावर ९८ टक्के, नव्यावर ८४.

पण हाही सॉफ्टवेअरचाच अंदाज. मला तारेतला करंट बघायचा होता, म्हणून डीसी क्लॅम्प मीटर मागवला. घेणार असाल तर नीट बघून घ्या: नेहमीचे बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, आपल्याला हॉल सेन्सरवाला लागतो. आठ पिनांच्या केबलमधल्या चार पिवळ्या तारा एकत्र जबड्यात घ्यायच्या, काळ्या बाहेर. काळ्याही आत गेल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर निर्विकारपणे शून्याजवळ बसतो. मोजण्याआधी, मीटर त्याच जागी आणि त्याच दिशेला धरून, मशीन बंद असताना झीरो करायचं. माझा मीटर स्वस्तातला आहे. थोड्या वेळाने झीरो सरकतो, पुन्हा करावं लागतं, पण एवढ्या फरकाला पुरेसा आहे. सुट्या तारांची एक्स्टेंशन केबल असेल तर हे काम फारच सोपं होतं.

तर निकाल. सिनेबेंच चालू असताना जुना बोर्ड ८.२ अँपियर, नवा ९.५. केबलवरचा व्होल्टेज दोन्हीकडे १२च्या किंचित वर. म्हणजे जवळजवळ सोळा वॅट जास्त आत जातायत आणि स्क्रीनवर दोघेही ८८! भिंतीच्या सॉकेटवरच्या मीटरवरही तसाच फरक दिसला. त्या क्षणी जो आनंद झाला तो १२,३४०च्या स्कोअरने झाला नव्हता.

पुढची मजा उलट तपासणीत. ८८च्या ८४ टक्के म्हणजे ७४, तेव्हा नव्या बोर्डावर पीपीटी हाताने ७४ केला. क्लॅम्प ८.२च्याही खाली गेला. मग लक्षात आलं की कोर आणि एसओसी (सीपीयूचा मेमरी कंट्रोलर वगैरे असलेला भाग) यांचं टेलिमेट्री, म्हणजे करंटचे कळवलेले आकडे, वेगवेगळं येतं. एसओसीचे दहाएक वॅट खरेच कळवले जात असतील, तर खोट फक्त उरलेल्या ७८ वॅटमध्ये. ७८चे ८४ टक्के साडेपासष्ट, अधिक दहा, म्हणजे साडेपंच्याहत्तर. पीपीटी ७६ केला आणि क्लॅम्प ८.२वर येऊन बसला. तापमान ७१, स्कोअर ११,९९०. कागदावर मांडलेलं गणित तारेत असं उतरलं की बरं वाटतं राव.

बोर्डाचा नवा बायोस टाकून पाहिला, ८४चे ८४च. काही बोर्डांच्या बायोसमध्ये फुल स्केल करंटचा, म्हणजे वर सांगितलेल्या पूर्ण क्षमतेचा पर्याय उघडा असतो, यात नाही.

पंधरा वॅटने हा सीपीयू जळेल असं मला वाटत नाही. राग आहे तो फुकटच्या श्रेयाचा. हाच बोर्ड एखाद्या तुलनेत 'जास्त वेगवान' म्हणून वर बसतो, आणि घेणाऱ्याच्या वाट्याला सहा अंश आणि पंख्याचा आवाज येतो. सीपीयूच्या लोडवर बोर्डांची क्रमवारी लावायची असेल तर शेजारी केबलचा करंट छापा, नाहीतर छापू नका.

या नोंदीत खरं तर एम.२ स्लॉटचे, म्हणजे एसएसडीच्या खाचांचे आकडे द्यायचे होते, सीपीयूच्या थेट लेनवरचा आणि चिपसेटमागचा असे दोन्ही. ते मागे पडले, कारण लिहिता लिहिताच दुसरं सुचलंय. बूस्ट बंद करून दोन्ही बोर्ड ३.८ गिगाहर्ट्झ आणि १.१ व्होल्टवर फिक्स केले, तेव्हा स्कोअर ११,४१० आणि ११,४२५ आले, म्हणजे बरोबरी. पण मग याच अवस्थेत केबलचा करंट मोजला तर दोन व्हीआरएमपैकी कोण किती वीज वाया घालवतो ते थेट दिसेल! अडचण लोड-लाइनची. १.१ लिहिलं तरी लोडखाली प्रत्येक बोर्ड वेगळं झुकतो. त्यामुळे बायोसमधला आकडा न जुळवता, एसव्हीआय२वर दिसणारा लोडखालचा व्होल्टेज जुळवावा लागेल.

आणि त्यासाठी क्लॅम्पची अचूकता अपुरी पडणार. म्हणून एक्स्टेंशन केबल कापून पिवळ्या तारांच्या वाटेत १ मिलीओहमचा शंट (करंट मोजायचा बारीक रेझिस्टर) आणि त्यावर आयएनए२२६ या करंट मोजणाऱ्या चिपचं मॉड्यूल बसवायचा बेत आहे. १० अँपियरला १० मिलीव्होल्ट पडतील, वाया जाईल फक्त ०.१ वॅट. चिपची पायरी २.५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे या शंटवर २.५ मिलीअँपियरपर्यंत दिसेल. मात्र मॉड्यूलवर आधीच बसवलेला ०.१ ओहमचा रेझिस्टर काढायला विसरू नका. तो या करंटला धूर काढेल.

शंट कुठल्या वॅटेजचा घ्यावा आणि चारही तारा त्याला एकत्र कशा जोडाव्यात, सोल्डर की क्रिम्प, याबद्दल कुणी हात काळे केले असतील तर सांगा. केबल अजून कापलेली नाही.