शेवटचा स्वल्पविराम

कोडमध्ये यादी उभी लिहिली, तर शेवटच्या नावापुढेही स्वल्पविराम द्यायचा. पुढे काहीच नसताना! शाळेच्या वहीत त्यावर लाल शाई उमटली असती; रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची शैली-नियमावली मात्र तोच नियम घालून देते. कारण रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायला, बसल्यावर कळतं. उद्या यादीत एक नाव वाढलं, की जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या डिफमध्ये एकच हिरवी, म्हणजे नवी, ओळ दिसते. तो स्वल्पविराम नसेल तर आधीची ओळही बदलते, निव्वळ तेवढ्या शेपटीसाठी. आणि ती ओळ मुळात कुणी लिहिली हे शोधायला जावं, तर बदलांची नोंद ठेवणारं गिट स्वल्पविराम देणाऱ्याचं नाव पुढे करतं.

फंक्शनचे आर्ग्युमेंट (त्याला दिलेली मूल्यं) कंसाला टेकवून एकाखाली एक लावायची हौसही अशीच महागात पडते. दिसतं देखणं. पण फंक्शनचं नाव दोन अक्षरांनी वाढलं, की खालच्या सगळ्या ओळी दोन घरं उजवीकडे सरकवा. डिफ लालहिरवा होतो आणि वाचणाऱ्याने त्यात खरा बदल हुडकत बसायचं. म्हणून रस्टवाले पुढच्या ओळीवर चार स्पेस आत जातात आणि मोकळे होतात. देखणेपण गेलं तरी चालेल, पण न बदललेलं बदललेलं दिसू नये, ही बाजू मला पटते.

ओळीची रुंदी, म्हणजे एका ओळीत जास्तीत जास्त किती अक्षरं, हा त्यामानाने फुटकळ वाद. आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावर ८० रकाने होते, ती सवय टर्मिनलमार्गे आपल्यापर्यंत आली. पायथन भाषेची शैली-नियमावली पेप ८ म्हणते ७९, रस्ट म्हणते १००. कुठलाही आकडा घ्या आणि कामाला लागा.

इंडेंटचं, म्हणजे ओळ आत सरकवण्याचं, तसं नाही. डोळा त्यावर विश्वास ठेवतो. सी भाषेचा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ॲपलच्या सुरक्षा-कोडमधली फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीला आलेली चूक आठवा. 'गोटू फेल' (थेट 'फेल' या खुणेपाशी उडी मार) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. दुसरीही इफच्या, म्हणजे अटीच्या, पोटात असल्यासारखी आत सरकवलेली, पण अटीत काय काय येतं ते बांधणारे महिरपी कंस नव्हते. त्यामुळे ती दर वेळी चालायची आणि सर्व्हरची सही तपासण्याची पायरीच गळायची. कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या एखाद्या फॉर्मॅटरने ती ओळ इफबाहेर ओढली असती, तर कुणाच्या तरी नजरेत भरली असती.

गो भाषेने भांडणाचं मूळच कापलं: गोफम्ट हे तिचं मांडणीचं साधन लावेल तसा कोड. त्याची शैली कुणाचीच लाडकी नाही, पण गोफम्ट सगळ्यांचं लाडकं, असं गोच्या निर्मात्यांपैकी एक रॉब पाईक म्हणाले ते खरंच आहे. रिकाम्या ओळींना मात्र तेही फारसा हात लावत नाही. लागोपाठ चार असतील तर एक ठेवतं, इतकंच. दोन विचारांच्या मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते अजून लिहिणाऱ्यानेच ठरवायचं, आणि आमच्या रिव्ह्यूत वाद घालायला तेवढं पुरतं.