तुम्ही विचारलंत म्हणून: धर्म सोडून अध्यात्म जमतं का?

मी पूजापाठ करत नाही, पण पहाटे श्वासावर लक्ष ठेवून बसते, हे कळलं की ठरलेला प्रश्न येतो : "म्हणजे तुम्ही धार्मिक नाही, आध्यात्मिक आहात, असंच ना?" विचारणाऱ्याच्या सुरात कौतुक असतं. धार्मिक म्हणजे मागासलेला आणि आध्यात्मिक म्हणजे सुधारलेला, अशी काहीतरी प्रतवारी त्यामागे असते. ती मला पटत नाही.

'मी, माझं' हा जो हिशेब मनात अखंड चालू असतो, त्याच्याकडे वळून पाहणं आणि त्याची पकड सैल होऊ देणं, याला मी अध्यात्म म्हणते. त्यासाठी देव मानलाच पाहिजे असं नाही. बौद्ध आणि जैन परंपरांनी सृष्टिकर्ता ईश्वर न मानता हेच काम अडीच हजार वर्षं केलं आहे. नुसतं शांत वाटणं म्हणजेही अध्यात्म नव्हे. चांगली झोप झाली तरी शांत वाटतं.

धर्माचा पसारा याहून फार मोठा. जन्ममरणाचे विधी, कायदे, एकमेकांना धरून राहणं, सत्ता, मालमत्ता सगळं त्यात येतं. अध्यात्म हा त्यातला एक कोपरा, आणि बऱ्याचदा अडगळीतला. म्हणून दोघांचं जुंपतं. मार्गरीत पोरेत या ख्रिस्ती साधिकेला तिच्या पुस्तकापायी १३१० साली पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. प्रेमात पूर्ण विरलेल्या आत्म्याला सद्गुणांची चाकरी करावी लागत नाही, असं तिने लिहिलं होतं. बंदी आल्यावरही तिने पुस्तक पसरवणं थांबवलं नाही आणि चर्चच्या चौकशीत शपथ घ्यायलाही ती तयार झाली नाही.

इथवर ऐकून धर्माला दोषी ठरवून मोकळं होता येतं. पण मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुस्तकावरचं तिचं नाव गळलं, पुस्तक मात्र टिकलं. कोणी टिकवलं? त्याच धर्माच्या मठांनी. लॅटिन, इटालियन, इंग्रजी भाषांतरं झाली, हाताने नकला झाल्या, आणि ते तिचंच असल्याचं १९४६ साली पुढे आलं. जाळणारे आणि जपणारे एकाच धर्माचे होते. (जपणाऱ्यांना आपण कोणाचं जपतोय हे ठाऊक नव्हतं, हेही खरंच.)

माझंही तसंच आहे. श्वास पाहायची ही रीत मी शोधलेली नाही. भिक्षूंच्या संघांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, नियम पाळले, पाठांतर केलं, म्हणून ती माझ्यापर्यंत आली. मी त्यांच्या घरात भाडं न देता राहते आणि वर सांगते की घरांची मला गरज नाही!

धर्मात राहूनही हे काम करता येतं. इस्लामी विद्वान अल-गझाली बगदादच्या निजामिया मदरशातले नामांकित आचार्य होते. १०९५ साली त्यांची वाचा बसली, शिकवणं अशक्य झालं. पद सोडून ते निघाले आणि दहा वर्षांहून अधिक काळ अशा पदांपासून दूर राहिले. या काळात त्यांनी धर्म मात्र सोडला नाही. नमाज, रोजा तेच ठेवले आणि मन हजर नसेल तर त्या नमाजात उरतं काय, हे विचारत राहिले. धर्मातल्या धर्मात राहून इतका अडचणीचा प्रश्न विचारता येतो, हे 'आम्ही फक्त आध्यात्मिक' म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

तर, जमतं का? जमतं. धोका एवढाच की एकट्याने चालताना चूक दाखवायला कोणी नसतं. जे आवडतं ते सत्य वाटू लागतं, आणि जो अहंकार सैल करायचा तोच 'मी किती पोचलेली' म्हणून फुगतो. परंपरेत शेख असतो, गुरू असतो, निदान खवचट सहसाधक तरी असतो. धर्म सोडलात तर सोडा, पण तुमचं म्हणणं खोडून काढू शकेल असं एखादं माणूस शोधा. मला तसे एक गृहस्थ भेटले आहेत. ते कमालीचे कर्मठ आहेत, आणि माझ्या पहाटेच्या बसण्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही.