आठ जीबीतले दोन गेले कुठे?

रविवारी भाची लॅपटॉप घेऊन आली. "मामा, दुकानदाराने फसवलं. आठ जीबी सांगून सहाच दिलेत." सेटिंग उघडून दाखवलं तर खरंच, रॅम ८ जीबी आणि वापरता येण्याजोगी ५.९. पोरगी रडवेली झाली होती.

फसवलेलं नव्हतं. तिच्या रायझन ५ ५५००यू प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, आहे, पण त्याला स्वतःची मेमरी नाही. म्हणून मशीन चालू होतानाच बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम, त्याच्यासाठी २ जीबी रॅम बाजूला काढतं, आणि ती विंडोजच्या हाती लागत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या नावावर 'शेअर्ड' म्हणून उरलेल्या रॅमच्या साधारण निम्मा आकडा दिसतो, तो वेगळा. ती मेमरी अडवून ठेवलेली नसते. लागेल तशी घ्यायची, काम झालं की सोडायची. विकताना एवढं कुणी समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरी अडचण मागचं झाकण उघडल्यावर कळली. रॅमच्या पट्ट्या बसवायच्या दोन स्लॉटपैकी एकच भरलेला. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, आणि तेवढ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. तशीच दुसरी पट्टी आणली, तिरकी सरकवली, दोन्हीकडच्या क्लिपा 'टक्' वाजेपर्यंत दाबली. आता वाट दुप्पट, ५१.२. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममधलं तिचं वाड्याचं मॉडेल फिरवताना अडखळायचं, ते सरळ फिरलं. ती तीनदा फिरवून बघत बसली.