झाईचे खड्डे: यातेंगाच्या उजाड रानात ज्वारी कशी उभी राहते

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा भागात जून ते सप्टेंबर एवढाच पाऊस, साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर. त्यापेक्षा मोठी अडचण जमिनीची. तिथले मोस्सी समाजाचे शेतकरी जिला ‘झिपेले’ म्हणतात, त्या रानावर टणक पापडी धरलेली असते. गवताची काडी नाही, पाणी मुरत नाही, पडलं तसं वाहून जातं. अशा रानात पीक घ्यायची तिथली रीत म्हणजे झाई. वाहिगुया शहराजवळच्या गुर्गा गावचे याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास जुन्या खड्ड्यांत खत घालून ही रीत सुधारली. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते गेले.

खड्डा २० ते ४० सेंटिमीटर रुंद, १० ते २० खोल. दोन खड्ड्यांत ७० ते ८० सेंटिमीटर अंतर. ओळी समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत. वरच्या दोन खड्ड्यांमधून निसटलेलं पाणी खालच्या खड्ड्याने धरलं पाहिजे. निघालेली माती उताराच्या बाजूला चंद्रकोरीसारखी लावायची. या हिशेबाने हेक्टरी १५ ते २० हजार खड्डे होतात. आखूड दांड्याच्या कुदळीने, वाकून, एका माणसाचे ३०० तास तरी जातात. म्हणून सुगी उरकली की लगेच, भर कोरड्या दिवसांत काम सुरू होतं.

लवकर खणण्याचं आणखी एक कारण आहे. सहाराकडून येणारा कोरडा हरमाटन वारा सुटला की धूळ आणि पाचोळा खड्ड्यांत साचतो. त्यात दोन मुठी खत टाकलं की वाळवी येते. आपल्याकडे वाळवी दिसली की औषध शोधतात. इथे तीच निम्मं काम करते. तिच्या बोगद्यांनी तळ पोखरला जातो आणि पहिल्याच पावसाचं पाणी खोल उतरतं. पाऊस सुरू झाल्यावर घाईने खणलेल्या खड्ड्याला हे काहीच मिळत नाही.

खरी टंचाई खताची. खड्ड्याला ३०० ग्रॅम धरलं तरी हेक्टरी साडेचार ते सहा टन लागतं. म्हणून घरातली राख, शेळ्यांच्या लेंड्या, गोठ्यातला चिपाडांचा चुरा, सगळं वर्षभर कंपोस्टच्या खड्ड्यात जातं. धनगरांच्या मेंढ्या आपण रानात बसवतो, तशी फुलानी गुराख्यांची गुरं सुगीनंतर तिथल्या शेतात बसवतात. गुरांना चिपाडं, रानाला शेण. कच्चं शेण मात्र खड्ड्यात घालू नये. पेरणीनंतर पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की त्याच्या उष्णतेने रोपं करपतात.

उतारावर वरून लोंढा आला तर खड्डे एका पावसात गाळाने भरतात. त्यासाठी आधी समपातळीवर दगडांच्या ओळी घालतात. पातळी काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधलेली असते. जलसंधारणाच्या कामावर हायड्रोमार्कर हाताळलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी रेषा चुकते आणि पाणी सखल जागी ओळ फोडून निघतं. म्हणून नळी भरल्यावर दोन्ही टोकं जवळ धरून पाणी सारखं दिसतं का, हे आधी पाहायचं. मोठे दगड थोडे जमिनीत रोवायचे आणि फटी लहान दगडांनी बुजवायच्या. पाणी अडून तुंबायला नको, झिरपत पुढे जायला हवं.

वाळूच्या रानात झाईच्या नादी लागू नये, कडा ढासळतात. पाणी साचणाऱ्या सखल जागीही नको, मुळं कुजतात.

पहिला बरा पाऊस झाला की खड्ड्यात ज्वारीचे सात-आठ दाणे टोकायचे आणि विरळणीत तीन रोपं ठेवायची. खड्ड्यांमधली जमीन उजाडच असल्याने खुरपणी कमी. दुसऱ्या वर्षी तेच खड्डे साफ करून पुन्हा खत घालतात, किंवा जुन्या खड्ड्यांच्या मधे नवे घेतात.

शेळ्यांच्या लेंड्यांतून झाडांचं बीही खड्ड्यात येतं. ज्वारीच्या बुडाशी असं एखादं झुडूप उगवलेलं दिसलं तर जाणता शेतकरी ते उपटत नाही. कापणीच्या वेळी ताटं हातभर उंच ठेवून कापतो, म्हणजे उन्हाळ्यात सुटलेल्या शेळ्यांपासून त्या रोपाला आडोसा राहतो.