‘फक्त फॉरमॅट मारून द्या’

“दादा, लॅपटॉप फार हँग होतोय. फक्त फॉरमॅट मारून द्या, संध्याकाळी घेऊन जाते.”

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. लॅपटॉप नारायण पेठेत डीटीपी करणाऱ्या एका ताईंचा. त्यात एका दिवाळी अंकाची १७६ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे अकरा फर्मे, लावून होत आली होती. बॅकअपचं विचारलं तर म्हणाल्या, “सगळं क्लाउडवर जातं ना.” खातं उघडून पाहिलं. फुकट मिळणारी ५ जीबी जागा ऑगस्टमध्येच भरलेली, त्यानंतरची एकही फाइल वर गेलेली नाही. दिवाळी अंकाचं सगळं काम त्यानंतरचं.

चालू केल्यापासून डेस्कटॉप दिसायला साडेचार मिनिटं लागली. कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ८ जीबीपैकी ४.१ जीबी वापरात, प्रोसेसर ७ टक्के, डिस्क १०० टक्के. मात्र त्याच डिस्कचा वेग सेकंदाला ०.३ एमबी आणि प्रतिसादाची सरासरी वेळ ४,८०० मिलिसेकंद. चांगल्या हार्ड डिस्कला एवढ्याशा कामाला १५-२० मिलिसेकंद पुरतात. १०० टक्के दिसलं म्हणजे डिस्क खूप काम करतेय असं नाही. तिच्याकडची कुठली ना कुठली मागणी सतत अडकून पडलीय, एवढाच त्याचा अर्थ. व्हायरस, भरलेली मेमरी किंवा धुळीने तापलेला प्रोसेसर असता तर आकडे वेगळे दिसले असते. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, डिस्कच्या नावाने ७ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचनाचा पुन्हा प्रयत्न करावा लागला.

मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम. पिवळा ‘कॉशन’, म्हणजे सावधानतेचा इशारा. इथे फसायला होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ०५ क्रमांकाची ओळ, म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), शून्य होती. बरेच जण तेवढं बघून डिस्क चांगली आहे असं सांगतात. खरी गोम सी५ या ओळीत होती: वाचता न आलेले, निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर. तिथे ‘१ए८’ असं लिहिलेलं होतं. हा प्रोग्रॅम कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवतो, आपल्या मोजणीत ते होतात ४२४. असा सेक्टर समोर आला की डिस्क तोच तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि मागची सगळी कामं तुंबतात. ताईंना जाणवणारा ‘हँग’ तो हाच.

आता फॉरमॅट मारला असता तर? प्रलंबित सेक्टरचा निकाल त्यावर नवं काही लिहिलं गेलं की लागतो. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. लिहिताना डिस्कने कच्च्या जागा बदलल्या असत्या, सी५ खाली आला असता, लॅपटॉपही काही दिवस पळाला असता. आणि अंक कायमचा गेला असता.

त्यामुळे दोन गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरवलं: चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) आणि डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं). चेकडिस्कचा ‘आर’ पर्याय प्रत्येक सेक्टर वाचत बसतो आणि त्याच मरत्या डिस्कवर दुरुस्त्याही लिहितो. माझ्या मते डेटा हातात येण्याआधी तो चालवणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. विंडोज चालू ठेवून फोल्डर ओढून कॉपी करणंही टाळलं, कारण विंडोज स्वतःच मागे त्या डिस्कला सारखं काम सांगत असतं. डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, बंद असल्याची खात्री केली. चालू असतं तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी लागली असती, नाहीतर काढलेली प्रत उघडतच नाही. मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं. साध्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं.

खालचं झाकण उघडून सर्वात आधी बॅटरीची पिन काढली, मग १ टीबीची अडीच इंची डिस्क. कानाशी धरून वीज दिली: फिरण्याचा एकसारखा आवाज, टकटक नाही. टकटक ऐकू आली असती तर तिथेच थांबलो असतो. हेड (डेटा वाचणारं टोक) बिघडलेली डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली की प्लेटवर ओरखडे पडतात. ती क्लीन रूम असलेल्या रिकव्हरी लॅबकडेच जायला हवी.

डिस्क टेबलावरच्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडली. यूएसबी अडॉप्टर घेतला नाही, कारण वाचन अडलं की त्यातली चिप अनेकदा जोडणीच तोडते. शेजारी छोटा पंखा लावला आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम सुरू केला. प्रत २ टीबीच्या डिस्कवर इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, म्हणून घेतली. ती डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असून चालत नाही, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. मॅप फाइल तिसऱ्याच पेनड्राइव्हवर ठेवली. ही फाइल म्हणजे कामाचा जीव. कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला हे तीत लिहिलेलं असतं, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे जाता येतं.

पहिल्या फेरीला ‘-एन’ लावला, म्हणजे चांगलं आहे ते आधी उचलायचं, खराब जागा खरवडत बसायचं नाही. वेग सेकंदाला ९५ एमबीपासून सुरू होऊन आतल्या भागात ५५ पर्यंत उतरला. हे सगळ्याच फिरत्या डिस्कचं होतं. ६४० जीबीच्या आसपास वेग शून्यावर आला. अशा वेळी काहीतरी करावंसं वाटतं, पण हात लावायचा नाही. प्रोग्रॅम स्वतःच उडी मारून पुढे जातो आणि नंतर उलट्या दिशेने परत येतो. पावणेचार तासांत सुमारे ३१ एमबी सोडून सगळं आलं. रात्रभर खरवडण्याची फेरी आणि तीन पुनर्प्रयत्न. सकाळी न वाचलेला भाग उरला १८० केबी, म्हणजे ४,०९६ बाइटचे ४५ सेक्टर.

हे १८० केबी नेमके कुठल्या फाइलमधले? इमेजची आणखी एक प्रत काढून, मॅप फाइलच्या आधारे, त्या रिकाम्या जागांवर ओळखू येईल असा एक शब्द भरला आणि सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. दोन फाइली निघाल्या. एक ब्राउझरची कॅश, म्हणजे गेली तरी चालेल अशी तात्पुरती साठवण. दुसरी अंकाचा सातवा फर्मा.

बाकीच्या दहा फर्म्यांच्या फाइली दुकानातल्या मशीनवर पेजमेकरमध्ये उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. फाइल बिघडलेली नव्हती. जुने मराठी फॉन्ट युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेताचे नाहीत, तो नेमका फॉन्ट नसेल तर मजकूर असाच दिसतो. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये त्यांतले निम्मेच सापडले. उरलेले युजरच्या अॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर होते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या सुधारणेपासून एकाच युजरपुरता टाकलेला फॉन्ट तिथे जातो आणि अॅपडेटा फोल्डर एरवी लपलेला असतो. ‘डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप घेतलं, झालं’ अशा बॅकअपमध्ये हे फॉन्ट हमखास मागे राहतात. ते टाकल्यावर पानावर पहिली वेलांटी जागेवर दिसली, तेव्हा कुठे कॉपी झाली असं मी मानलं.

दुरुस्ती त्यानंतर. नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) १ टीबीचीच घेतली. ९६० जीबीची स्वस्त पडते, पण १ टीबीची इमेज तिच्यावर मावत नाही. इमेज उतरवली, चेकडिस्क आता या नव्या डिस्कवर चालवलं, मग एसएफसीने विंडोजच्या फाइली तपासल्या. लॅपटॉप १९ सेकंदांत सुरू झाला. फॉरमॅटची गरजच पडली नाही. जाताना एका बाहेरच्या डिस्कवर फाइल हिस्टरी ही विंडोजची बॅकअपची सोय लावून दिली, आणि फॉन्टचं दुसरं फोल्डर त्यात वेगळं जोडलं, कारण ते आपोआप घेतलं जात नाही.

जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर ‘वापरू नये’ असं लिहून ताईंच्या हातात दिली. अंक छापून येईपर्यंत फेकू नका असं सांगितलं. सातव्या फर्म्याची सोळा पानं त्यांच्याकडे कागदावर होती, मुद्रितशोधकाने लाल पेनने खुणा केलेली. ती समोर ठेवून त्यांनी त्याच लॅपटॉपवर पुन्हा टाइप केली. दोन दिवस लागले.