नाक हरवलेला भयपट

जपानीत 'ग्यो' म्हणजे मासा. याच नावाचा सुमारे सत्तर मिनिटांचा ॲनिमेशनपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी टोकदार पोलादी पायांवर तुरुतुरु धावत किनाऱ्यावर येणारे मासे आणि त्यांच्या पाठोपाठ दार फोडून घरात शिरणारा शार्क यांनीच मन इतके व्यापले होते की बाकी काही नीट पाहताच आले नाही. दुसऱ्या वेळी मात्र काहीतरी उणे असल्याची जाणीव शेवटपर्यंत टोचत राहिली, आणि ते उणे काय आहे हे मूळ चित्रकथा (जपानीत 'मांगा') पुन्हा काढून वाचल्यावर उमगले. या कथेचा सारा प्राण वासात आहे, आणि तो वास ज्या नाकाने आपल्यापर्यंत पोहोचायचा ते नाकच चित्रपटाने कथेतून काढून टाकले आहे. (पुढे मूळ मांगाचा शेवट आला आहे, ती वाचायची असेल त्यांनी आधी ती वाचावी.)

मांगा जुंजी इतो यांची. ती 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या साप्ताहिकात २००१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि नंतर दोन खंडांत आली. १९६३ साली गिफू प्रांतात जन्मलेले इतो चित्रकथांकडे वळण्यापूर्वी दंततंत्रज्ञ होते, आणि कृत्रिम दात घडवणाऱ्या माणसाचा तो सूक्ष्म, चिवट हात त्यांच्या प्रत्येक चौकटीत दिसतो. माशाच्या खवल्यांवर, सुजलेल्या कातडीवर, यंत्राच्या सांध्यांवर ते बारीक रेघांचे इतके थर चढवतात की पान उलटताना बोटांना ओलसर काही लागेल असे वाटावे.

मूळ कथेत तादाशी आणि त्याची प्रेयसी काओरी जपानच्या ओकिनावा बेटावर सुट्टीसाठी आलेले आहेत. काओरीचे नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. तिला तादाशीच्या श्वासाचाही वास असह्य होतो, आणि त्यावरून दोघांचे सतत खटके उडतात. तिच्या या नावाच्या उच्चाराचा जपानीत 'सुगंध' असाही अर्थ होतो, हे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे अधिकच क्रूर वाटू लागते. घरात कुठूनतरी कुजका वास येतो आहे हे सर्वांत आधी तिलाच कळते. तादाशीला तो तिचा नेहमीचा हट्ट वाटतो. मग फर्निचरच्या आडोशाला काहीतरी सळसळते, आणि पाय असलेला मेलेला मासा समोर येतो. तो मेलेलाच आहे, ही या कल्पनेतली सर्वांत भेदक गोष्ट. त्याच्या शरीरात शिरलेले जंतू ते शरीर कुजवत वायू तयार करतात, आणि त्या वायूच्या दाबावर खालचे यंत्र चालते. मासा सडत जाईल तसे पाय चालत राहतात, आणि माशात काही उरले नाही की त्या यंत्राला दुसरे शरीर हवे असते. ते माणसाचेही चालते.

इतोंनी ही कल्पना हवेतून काढलेली नाही. मृत शरीरात जिवाणूंमुळे वायू साचून ते फुगते, हे खरेच आहे. समुद्री माशांच्या मांसात असलेले एक संयुग जिवाणूंच्या क्रियेने ट्रायमिथाइलअमाइनमध्ये बदलते आणि त्यातूनच शिळ्या माशाचा तो ओळखीचा वास येतो. हे मूळ संयुग खोल पाण्यातल्या माशांत अधिक असते. शार्कच्या शरीरात युरियाही भरपूर असल्यामुळे त्याचे मांस खराब होऊ लागले की त्याला अमोनियाचा भपकारा येतो. म्हणजे किनाऱ्यावर येणारा शार्क नुसत्या आकारानेच नव्हे, वासानेही इतर माशांपेक्षा भयंकर असणार. हे मला माहीत असल्यामुळे ती पाने वाचताना मी खरोखर तोंडाने श्वास घेत होतो.

हे यंत्र आले कुठून, याचे उत्तर तादाशीच्या काकांकडे, संशोधक कोयानागींकडे आहे. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी या जंतूंवर काम केले होते. रोगी शरीर स्वतःच्याच वायूवर शत्रूपर्यंत चालत जावे, अशी ती योजना होती. यंत्रे नेणारे जहाज शत्रूच्या विमानांनी बुडवले आणि यंत्रे समुद्रतळाशी पडून राहिली. हे सर्व कल्पित असले तरी त्याच्या मागे उभा असलेला इतिहास खरा आहे. चीनमधल्या हार्बिनजवळच्या, जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले आणि प्लेगग्रस्त पिसवा चिनी शहरांवर टाकल्या. नोव्हेंबर १९४४ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत जपानने ९,००० हून अधिक कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून ते पॅसिफिकवरच्या वाऱ्याच्या हवाली केले. सोडल्यानंतर त्यांच्यावर कोणाचाही ताबा नव्हता. त्यातल्या एकाने मे १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात एका गर्भवती स्त्रीचा आणि पाच मुलांचा बळी घेतला. ओकिनावाच्या जमिनीत तर त्या वर्षीच्या लढाईतला न फुटलेला दारूगोळा आजही सापडतो. सोडणाऱ्याचा ताबा सुटलेली आणि तरीही चालतच राहिलेली शस्त्रे नेमकी याच बेटाच्या किनाऱ्यावर वर येतात, ही इतोंची निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

आता चित्रपटाकडे. तो २०१२ मध्ये युफोटेबल या स्टुडिओने काढला. दिग्दर्शक ताकायुकी हिराओ यांनी त्याआधी याच स्टुडिओच्या 'कारा नो क्योकाई' मालिकेतला पाचवा चित्रपट केला होता, त्यामुळे त्यांच्या कौशल्याविषयी शंका नव्हती. त्यांनी कथेत केलेला मोठा बदल असा, की तादाशी आणि काओरी यांच्या जागाच उलटवल्या. इथे काओरी दोन मैत्रिणींसोबत ओकिनावाला आली आहे, तादाशी तोक्योत आहे. माशांचा लोंढा राजधानीकडे वळतो, तादाशीशी संपर्क तुटतो, आणि ती एकटी त्याच्या शोधात निघते. वाटेत तिला शिराकावा नावाचा कॅमेरा घेऊन फिरणारा पत्रकार भेटतो.

हा बदल का केला असेल, हे मला समजते. मांगातली काओरी बराच काळ नुसती सोसत राहते. चित्रपटातली काओरी चालते, शोधते, निर्णय घेते, आणि उद्ध्वस्त होत जाणारे तोक्यो आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. उलथलेल्या गाड्यांमधून धावणारे माशांचे कळप पाहताना संकटाचा आवाका जाणवतो. धातूच्या पायांचा रस्त्यावरचा खडखडाट तर मांगाला कधीच ऐकवता आला नसता, आणि तो आवाज चित्रपट संपल्यावरही माझ्या कानात होता. माशांसाठी वापरलेले संगणकीय त्रिमितीय चित्रण हाताने काढलेल्या पात्रांशी नीट मिसळत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण त्या विजोड, तरंगत्या हालचालीमुळे ते मासे या जगातले नाहीत असेही वाटत राहते, म्हणून मला ती फारशी खटकली नाही. खटकले ते सुरुवातीच्या भागात मैत्रिणींच्या शरीरांकडे पाहणारी चित्रपटाची नजर. त्यातल्या एकीला पुढे जो भीषण संसर्ग होतो, त्याची करुणा त्या आधीच्या उथळपणाने बोथट होते.

पण खरी हानी नाकाची आहे. पडद्याला वास देता येत नाही. अमेरिकेत १९६० मध्ये प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंत नळ्यांमधून वास सोडण्याचा प्रयोग एका चित्रपटासाठी झाला होता, पण तो तिथेच थांबला. मग वास पोहोचवायचा कसा? साहित्याने आणि चित्रकलेने यावर जुनाच उपाय शोधलेला आहे: वास सहन न होणारे माणूस दाखवायचे. इतोंची काओरी हा तो उपाय होता. तिच्या वाकड्या झालेल्या चेहऱ्यातून, नाकावर घट्ट दाबलेल्या हातांतून, 'अजून वास येतोय' या तिच्या आक्रोशातून वाचकाच्या नाकाला तो वास येऊ लागतो. चित्रपटातल्या काओरीचे नाक चारचौघांसारखे आहे. ती इतरांप्रमाणे नाक मुरडते, दुर्गंधीचा उल्लेख होतो, हिरवट-तपकिरी वायू पडद्यावर पसरतो. पण तो वायू आपण फक्त पाहतो.

त्याचबरोबर मूळ कथेतले प्रेमही हरवते, आणि याचे मला अधिक दुःख वाटते. वासाने जिचे आयुष्य नासले, तिलाच मांगामध्ये संसर्ग होतो. तिचे शरीर फुगते, आणि जगातला सर्वांत असह्य वास तिच्याच अंगातून येऊ लागतो. तिला स्वतःपासून दूर पळता येत नाही. तिच्या तक्रारींना कंटाळलेला, तिच्यावर चिडणारा तादाशी आता त्या दुर्गंधात तिच्याजवळ बसून राहतो, ती हरवल्यावर तिला शोधत फिरतो, आणि कोणाही शहाण्या माणसाने सोडून दिले असते अशा अवस्थेतल्या शरीरामागे धावतो. तो चांगला प्रियकर नव्हता, हे इतोंनी आधीच दाखवलेले असल्यामुळे त्याचे हे धावणे खरे वाटते. चित्रपटातली काओरी तादाशीवर प्रेम करते हे आपल्याला सांगितले जाते आणि आपण ते मान्य करतो. मात्र ते प्रेम कुठल्या तिटकाऱ्यातून पार होऊन आलेले नसते.

चित्रपटातल्या शोधाचा शेवट मी सांगणार नाही, कारण तो पाहण्यासारखा आहे. मांगाच्या शेवटी तादाशीला जळालेल्या अवशेषांमध्ये काओरी सापडते. मांस जळून गेले आहे, उरला आहे तो हाडांचा सांगाडा. तो तिथे उभा राहतो, आणि त्याच्या मनात येते की आता तरी तिची त्या वासापासून सुटका झाली.