हात वर केलेला तो दाढीवाला माणूस

असलं चित्र घरात कशाला, असं आईने विचारलं तेव्हा मला पटकन काही सांगता आलं नाही. चित्र आहे तसंच. मधोमध लाकडाची जाळी, खाली विस्तव, जाळीवर माणसाचे हात-पाय भाजतायत, भोवती बायका-पोरं हातात तुकडे घेऊन खातायत. आणि मागे एक दाढीवाला नागडा माणूस, दोन्ही हात वर, बाकी सगळे खाण्यात गुंग आणि हा एकटाच हादरलेला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात ढवळलं होतं, पण नजर हलेना. का हलत नाही हेच मला कळून घ्यायचं होतं.

तो माणूस म्हणजे हान्स श्टाडेन. जर्मनीतल्या हेस भागातला, ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गढीवर तोफा सांभाळायला होता, तिथे तुपिनांबा नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला पकडला आणि जवळजवळ नऊ महिने कैदेत ठेवला. सुटून घरी आल्यावर त्याने सगळं लिहून काढलं, ते 1557 मध्ये मारबुर्गला छापलं गेलं, सोबत लाकडी ठशांची साधीसुधी चित्रं. माझ्याकडे जे आहे ते मात्र त्यातलं नाही. ते 35 वर्षांनी, 1592 मध्ये, फ्रँकफर्टला तेओडोर दे ब्री नावाच्या माणसाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलेलं. आणि हा दे ब्री अमेरिकेला कधी गेलाच नाही! अटलांटिक ओलांडला नाही, तुपिनांबा माणूस बघितला नाही, समोर होती ती फक्त ती जुनी लाकडी चित्रं आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं.

हे कळलं आणि मी परत चित्रासमोर बसले, या वेळी भिंग घेऊन. दे ब्री मूळचा सोनार, आणि ते दिसतं हो. मांडीवरची प्रत्येक रेघ मांडीच्या गोलाईबरोबर वळते, सावली जिथे गडद हवी तिथे रेघेवर आडवी रेघ, दंड-खांदे अगदी ग्रीक पुतळ्यांसारखे. लाकडी ठशात बाहुल्यांसारखी दिसणारी माणसं इथे देखणी झालीयत, आणि देखणी झाली म्हणूनच जास्त भयंकर वाटतात. आपण ज्याला शहारतो ते ब्राझीलमध्ये घडलेलं जितकं आहे तितकंच फ्रँकफर्टमधल्या कारखान्यातल्या सफाईदार हाताचंही आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

बरं, जे या चित्रात नाही तेच मला सगळ्यात जास्त छळतं. तुपिनांबा पकडलेल्या शत्रूला लगेच मारत नसत, कधी महिनोन्‌महिने गावात राहू देत, खायला-प्यायला देत, बायकोही देत. मरायच्या आधी तो कैदी समोरच्याला ठणकावून सांगायचा की माझी माणसं याचा सूड घेतील. म्हणजे भूक नव्हती ती, सुडाचा हिशोब होता, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. आणि कैद्याला मारायला ज्याने गदा चालवली तो स्वतः ते मांस खात नसे, त्याला नवं नाव मिळायचं, आणि श्टाडेन लिहितो की त्याला त्या दिवशी झोळीत पडून राहावं लागायचं, हातात एक छोटं धनुष्य देत आणि तो मेणावर बाण मारत राहायचा, कशासाठी तर मारताना बसलेल्या धक्क्याने हात डळमळू नये म्हणून. मारणाऱ्याच्या हाताचीही काळजी घेणारी माणसं होती ती. हे वाचल्यापासून जाळीभोवतीचे चेहरे मला वेगळे दिसायला लागले.

दे ब्रीने हे चित्र ज्या खंडात छापलं त्यातच झाँ द लेरी नावाच्या फ्रेंच माणसाचाही वृत्तांत आहे, तोही तुपिनांबांमध्ये राहून आलेला. तो नंतर फ्रान्सला परतला, तिथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धात 1573 मध्ये सांसेर शहराला वेढा पडला त्यात अडकला, आणि तिथल्या दुष्काळात आईबापांनी मेलेल्या पोटच्या पोरीला खाल्लेलं त्याने पाहिलं. त्या प्रसंगाचं असं चित्र कोणाच्या भिंतीवर मी तरी बघितलेलं नाही.

आता प्रिंटबद्दल, कारण मला याचा खरंच राग आहे. मी पहिली प्रत मागवली ती एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, जिक्ले प्रिंट (म्हणजे इंकजेटने केलेली उंची छपाई), कॉटन पेपर, शाई टिकाऊ, क्वालिटीला नावं ठेवायला जागा नाही. पण चित्रासोबतचा लॅटिन मजकूर कापून टाकलेला, साल नाही, श्टाडेनचं नाव नाही, तुपिनांबा हा शब्दसुद्धा नाही, नुसतं ‘नरभक्षकांची मेजवानी’. वर जुनं वाटावं म्हणून तपकिरी छटा मारलेली. आणि पुस्तकाच्या पानातलं छोटं चित्र एवढं फुगवलेलं की त्या नाजूक रेघा दोरखंडासारख्या झालेल्या. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्याचा छाप कागदावर घेतला की पत्र्याची कडा कागदात दाबली जाते, बोट फिरवलं की खाच लागते. इथे त्या खाचेचाही फोटो छापलेला! मी बोट फिरवलं, सपाट. माणसांचं नाव-गाव काढून टाकायचं आणि भीती तेवढी ठेवायची, ही त्या लोकांची दुसऱ्यांदा केलेली लूट आहे असं मला वाटतं.

मग मी एका ग्रंथालयाचं मोकळं स्कॅन शोधलं, अख्खं पान, डागांसकट, मजकुरासकट, आणि मूळ मापातच छापून घेतलं. शेजारी 1557 चा लाकडी ठसा, तोही मूळ मापात. दोन्ही एकाच फ्रेममध्ये, खाली मराठीत चार ओळी, कोण, कुठे, कधी, कोणी काढलं. फ्रेम हॉलमध्ये नाही, माझ्या टेबलासमोर आहे. आईने परवा चष्मा लावून त्या ओळी वाचल्या, मग बराच वेळ डावीकडचं आणि उजवीकडचं चित्र आळीपाळीने बघत राहिली, आणि म्हणाली, "अगं, पण ज्याला मारलं त्याचं नाव काय होतं?"